चेहरा शांत, तळहात ओले: अटॅचमेंट स्टाइल शरीरात कशी दिसते?

आजचा विषय सध्या रील्सवर सगळीकडे आहे: अटॅचमेंट स्टाइल. ‘तो अव्हॉइडंट आहे, त्याला फीलिंग्जच नाहीत’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, कदाचित म्हटलंही असेल. मी मानसशास्त्राचा माणूस नाही, कोड लिहितो. म्हणून मला पहिला प्रश्न पडला की हे कुणी मोजलंय का? तर हो, मोजलंय. आणि उत्तर रील्सपेक्षा वेगळं आहे.

आधी बेसिक. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी मांडलं की भीती वाटली की जवळच्या माणसाकडे धाव घेणं हे बाळात उपजतच असतं. १९८७ मध्ये सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर यांनी हीच चौकट मोठ्यांच्या प्रेमाला लावली. सुरक्षित माणूस गरज पडली की मदत मागतो. अँक्शस माणसाला सारखी खात्री हवी असते. अव्हॉइडंट म्हणतो, ‘माझं मी बघतो.’

आता शरीराकडे येऊ. मेरी एन्सवर्थ यांच्या प्रसिद्ध प्रयोगात वर्षभराच्या बाळाला खोलीत ठेवून आई थोडा वेळ बाहेर जाते. काही बाळं रडतच नाहीत, आई परत आली तरी खेळण्यांतच रमलेली दिसतात. वाटतं, किती शहाणं बाळ! पण १९७७ मध्ये स्रूफ आणि वॉटर्स या संशोधकांनी लिहिलं की अशा बाळांच्याही हृदयाचे ठोके वाढलेले असतात.

मोठ्यांचं काय? १९९२ मध्ये मेरी डोझियर आणि रॉजर कोबॅक यांनी कॉलेजच्या ५० विद्यार्थ्यांची लहानपणाबद्दल मुलाखत घेतली, बोटांना सेन्सर लावून. ताण आला की आपली सिंपथेटिक नर्व्हस सिस्टिम तळहातावरच्या घामाच्या ग्रंथी चालू करते. घामामुळे त्वचेतून वीज जास्त सहज वाहते, आणि ते मोजता येतं. जी मुलं नात्यांचं महत्त्व कमी करून सांगत होती, त्यांचाच आकडा आई-वडिलांपासून दूर राहणं, त्यांनी झिडकारणं अशा प्रश्नांना वर चढला.

आमच्या भाषेत सांगायचं तर डॅशबोर्ड हिरवा, पण आत सर्व्हर तापलेला. भावना नाहीत असं नाही, त्या दाबायचं काम चालू आहे. आणि दाबायलाही मेहनत लागते.

मग हे शांत कशानं होतं? २००६ मध्ये जेम्स कोन आणि सहकाऱ्यांनी १६ विवाहित महिलांना एमआरआय मशीनमध्ये ठेवून सौम्य शॉकची भीती घातली. नवऱ्याचा हात हातात असताना मेंदूतला धोक्याचा प्रतिसाद कमी झाला. अनोळखी माणसाच्या हातानंही फरक पडला, पण कमी. आणि ज्यांचं नातं चांगलं, त्यांना नवऱ्याच्या हाताचा फायदा जास्त. म्हणजे आधार ही नुसती मनाची समजूत नाही, तो शरीरापर्यंत पोचतो.

आता एक सावधगिरी. स्मार्टवॉच बघून कुणाची स्टाइल ठरवू नका. ठोके जिना चढल्यावर वाढतात, कडक चहानंही वाढू शकतात. शिवाय हे निष्कर्ष गटांच्या सरासरीचे आहेत, तुमच्या पार्टनरचे नाहीत. आणि स्टाइल हा रक्तगट नाही. अनुभवानं ती बदलू शकते.

पण एक गोष्ट नक्की करता येईल. भांडणात समोरचा गप्प झाला, तर ‘याला काही पडलेलंच नाही’ हा निकाल लगेच देऊ नका. ‘अर्ध्या तासानं बोलूया का?’ असं विचारा. आणि गप्प होणारे तुम्ही असाल, तर ‘मला थोडा वेळ दे, मी परत येतो’ एवढं सांगा, आणि खरंच परत या. मात्र कुणी गप्प राहण्याचा वापर तुम्हाला शिक्षा द्यायला करत असेल, तर त्याच्या तळहाताचा घाम हे सहन करत राहण्याचं कारण नाही.

तुमचा अनुभव व्हॉइस नोटवर पाठवा. भेटूया पुढच्या भागात!