गिअरबॉक्स खोलण्याआधी

आमची व्हॅन अठरा वर्षांची. ईदच्या आठवडाभर आधी कुंभार्ली घाट चढताना दुसरा गिअर पडेना, रिव्हर्सला तर दात करकरल्यासारखा आवाज. कशीबशी चिपळूणला परत आणली. गॅरेजवाल्याने खाली न वाकताच सांगितले, "बॉक्स खोलावा लागेल." खर्चाचा आकडा ऐकून आम्ही घर गाठले.

अब्बा एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांनी इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकायला लावले. अलगद पडले. म्हणजे संशय आधी क्लचवर. चालू इंजिनात तो पुरता सुटत नव्हता. बंद गाडीतही गिअर अडले असते, तर गिअरची केबल आणि बुश पाहायचे. इंजिन नुसतेच घोंघावते, गाडी ओढत नाही, तर क्लच प्लेट झिजलेली. गिअर आपोआप निसटू लागला, की मग बॉक्सकडे वळायचे.

क्लच केबल काढली, तर आतल्या निम्म्या तारा तुटलेल्या! नवी बसवून पेडलला थोडा प्ले ठेवला. अजिबात न ठेवला तर प्लेट जळते. गिअर ऑइलही कमी निघाले. ते आम्ही कधी पाहिलेच नव्हते.

ईदला कराडला, फुफींच्या घरी, त्याच व्हॅनने गेलो. सकाळच्या गारठ्यात दुसरा गिअर अजून थोडा कुरकुरतो.