रोजकीर्द गेली, पडताळ्याचे काय?

सेलू तालुक्यातील देवगाव फाट्यासारख्या ठिकाणी कापूस-सोयाबीन विकणारा शेतकरी आता सर्व रक्कम कमरेच्या कशात बांधून घरी नेत नाही. पैसा परस्पर खात्यात जमा होतो. ही सोय आहे, याविषयी वाद नाही. प्रश्न आहे तो त्या खात्याच्या राखणीचा.

बँकांत संगणक आणावा की नाही, याचा वाद जुना आहे. 1983 मध्ये व्यवस्थापने व कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला. 1984 मध्ये डॉ. रंगराजन समितीचा अहवाल आला. चर्चेचा भर मुख्यतः नोकऱ्यांवर होता व ते स्वाभाविकही होते. परंतु एकाने लिहावे, दुसऱ्याने तपासावे, अधिकाऱ्याने आद्याक्षरी करावी आणि रोकड जुळल्याखेरीज कोणी घरी जाऊ नये, ही शिस्त यंत्रात कशी उतरवावयाची, हा प्रश्न मागे राहिला. ती पद्धत संथ होती, रांगेत ताटकळणाऱ्यास संतापजनकही वाटे. तिच्या आठवणीने गहिवरण्याचे कारण नाही. पण तिच्यात पडताळा होता.

तो नाहीसा झाला म्हणजे काय होते, हे 1906 साली पुण्यात स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या प्रकरणात दिसले. 11 ऑगस्ट 2018 हा दुसरा शनिवार, म्हणजे सुटीचा दिवस. त्या दिवशी बनावट कार्डांद्वारे 28 देशांतील यंत्रांतून सुमारे 78 कोटी रुपये आणि भारतात आणखी सुमारे अडीच कोटी रुपये काढले गेले. 13 तारखेस जवळजवळ 14 कोटी हाँगकाँगकडे वळविण्यात आले. एकूण हानी सुमारे 94 कोटींची. पैसे देणारे यंत्र 'खात्यात रक्कम आहे काय?' असे बँकेला विचारते. येथे चोरांनी मध्येच तोतया उत्तरदाता बसविला होता. तो प्रत्येक मागणीला 'होय' म्हणत होता आणि मूळ खातेवहीपर्यंत प्रश्न पोहोचतच नव्हता. 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरविले.

रिझर्व्ह बँकेने 2018 व 2019 मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी संगणक-सुरक्षेचे नियम घालून दिले. पतसंस्था मात्र त्या देखरेखीखाली येत नाहीत. त्या सहकार खात्याच्या कक्षेत आहेत. बँकेतील ठेवीस 2020 पासून पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीस ते नाही.

अलीकडे एका छोट्या कार्यालयात संगणकाच्या कडेलाच सांकेतिक शब्दाची चिठ्ठी चिकटविलेली प्रस्तुत लेखकाने पाहिली. विचारता कारकून म्हणाले, ''सर, तिघांत एकच शब्द आहे. एक जण रजेवर गेला तर काम कसे चालणार?'' त्यांना दोष देणे सोपे आहे. परंतु प्रत्येकास स्वतंत्र परवाना, लिहिणारा व मंजूर करणारा वेगळा, दररोज स्वतंत्र प्रत आणि बाहेरच्या तपासनिसाची भेट, या सर्वांस पैसा लागतो व तो यंत्राच्या किमतीत धरला जात नाही. वार्षिक सभेत नव्या संगणकांस टाळ्यांच्या गजरात मंजुरी मिळते. पडताळणीच्या खर्चाचे कलम अंदाजपत्रकात शोधूनही सापडत नाही. सभासद असलेल्या शिक्षकांनी व कारकुनांनी येत्या सभेत प्रथम ते कलम मागावे.