पंचवीस-पंधरा, पन्नास-चोपन्न आणि आपण

"पंचवीस-पंधरातून सभामंडप आलाय." "रस्ता पन्नास-चोपन्नला टाकलाय." "तीस-चोपन्नचे पैसे अजून सुटले नाहीत." कुठल्याही पंचायत समितीच्या आवारात थोडा वेळ उभं राहिलं, की ही भाषा कानावर पडतेच. कंत्राटदार ती बोलतात, सरपंच बोलतात, कट्ट्यावर बसलेले आजोबाही बोलतात. त्याच आजोबांना विचारा, "आबा, राज्याचं बजेट वाचता का?" तर ते हात झटकतील. "ते शिकलेल्या लोकांचं काम, बाबा."

खरं तर आबा मघापासून बजेटच बोलत होते. २५१५, ३०५४, ५०५४ ही लेखाशीर्षं आहेत. सरकारच्या तिजोरीत येणारा आणि तिथून जाणारा प्रत्येक रुपया अशा कुठल्या तरी चार आकडी प्रधान शीर्षाखाली नोंदला जातो. त्यातल्या पहिल्या आकड्याला अर्थ असतो. ० किंवा १ असेल तर महसुली जमा, २ किंवा ३ असेल तर महसुली खर्च, ४ किंवा ५ असेल तर भांडवली खर्च. ३०५४ आणि ५०५४ ही दोन्ही शीर्षं 'रस्ते व पूल' यांचीच, फक्त पहिला आकडा वेगळा. तीस-चोपन्न म्हणजे मुख्यतः देखभाल-दुरुस्ती, पन्नास-चोपन्न म्हणजे नवं बांधकाम किंवा मोठी सुधारणा. एखादे पुढारी "नवा रस्ता आणला" म्हणून नारळ फोडत असतील आणि पैसे ३०५४ चे असतील, तर तिथे बहुधा खड्डेच बुजवले जाणार आहेत, हे नारळ फुटण्याआधीच कळतं.

तेव्हा 'बजेट आपल्याला कळत नाही' हा पहिला गैरसमज इथेच सोडून देऊ. बाकीचे जरा चिवट आहेत.

गैरसमज : बजेट म्हणजे काय स्वस्त, काय महाग

वर्तमानपत्रातली ती दोन रकान्यांची चौकट अजून छापली जाते, पण तिच्यातला जीव कधीच गेलाय. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि साबणापासून सिमेंटपर्यंत बहुतेक वस्तूंच्या कराचे दर ठरवायचं काम जीएसटी परिषदेकडे गेलं. केंद्राचे आणि सगळ्या राज्यांचे अर्थमंत्री तिथे बसतात. सप्टेंबर २०२५ मध्ये मुख्य दर ५ आणि १८ टक्के असे दोनच उरले, वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के कर शून्यावर आला. हा अलीकडचा सर्वांत मोठा 'स्वस्त-महाग' निर्णय कुठल्याही अर्थसंकल्पात नव्हता, परिषदेच्या बैठकीत झाला. केंद्राच्या अर्थसंकल्पात आता आयात शुल्क, प्राप्तिकर, पेट्रोल-डिझेलवरचं उत्पादन शुल्क असे मोजकेच दर हलतात. राज्याच्या हाती राहिला इंधनावरचा व्हॅट, दारूवरचा कर, मुद्रांक शुल्क, वाहन कर. म्हणजे त्या दिवशी विचारायचा मोठा प्रश्न 'काय महाग झालं' हा नसून 'पैसा कुठे चाललाय' हा आहे.

गैरसमज : आम्ही कुठे टॅक्स भरतो? ते पैसे टॅक्स भरणाऱ्यांचे

हा गैरसमज दोन्ही बाजूंनी बोलला जातो. पगारदार माणूस "आमच्या पैशांवर फुकट योजना" म्हणतो आणि गरीब माणूस सरकारी दवाखान्यात खालच्या मानेनं उभा राहतो. आकडे बघा. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जमेच्या प्रत्येक रुपयात प्राप्तिकराचे २२ पैसे आहेत आणि जीएसटीचे १८. कंपन्यांच्या कराचे १७, आणि सर्वांत मोठा वाटा उसनवारीचा, २४ पैसे. जीएसटी शेतमजूर बाईही भरते, बिस्किटाच्या पुड्यावर आणि पायातल्या चपलेवर. तिच्या नावानं पावती फाटत नाही, इतकंच.

महाराष्ट्रातल्या नोकरदारांनी आपली पगाराची स्लिप काढून 'पी.टी.' ही ओळ पाहावी. महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे अडीच हजार. हा व्यवसाय कर राज्यात १९७५ मध्ये आला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करायला. पाझर तलावावर दगड फोडणाऱ्या मजुराची रोजी शहरातल्या कारकुनाच्या पगारातून जायची, आणि तशी कायद्याने तरतूद होती. इतकी सरळ जोडणी बजेटमध्ये फार थोड्या ठिकाणी दिसते.

गैरसमज : घोषणा झाली म्हणजे पैसे आले

इथे जरा थांबू, कारण सगळी मेख इथेच आहे.

बजेटच्या पुस्तकात कुठलीही योजना उघडली, की तिच्यापुढे चार रकाने असतात. दोन वर्षांपूर्वीच्या प्रत्यक्ष रकमा, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज. भाषणात आणि बातमीत येतो तो फक्त शेवटचा रकाना, म्हणजे इच्छा. पहिल्या रकान्यात हिशेब असतो, आणि तो बहुतेक कुणी वाचत नाही.

लाडकी बहीण योजनेचंच घ्या. जून २०२४ मध्ये ती जाहीर झाली तेव्हा वर्षाला ४६ हजार कोटी लागतील असं सांगितलं गेलं. २०२५-२६ साठी प्रत्यक्ष तरतूद झाली ३६ हजार कोटींची. योजना बरी की वाईट हा वाद वेगळा. पण दोन आकड्यांत १० हजार कोटींचं अंतर पडलं, ते का पडलं, कोण वगळलं गेलं, हे बजेट वाचणाऱ्याने विचारायलाच हवं.

रस्त्यांच्या बाबतीत आणखी एक प्रकार चालतो, त्याला 'टोकन तरतूद' म्हणतात. कोट्यवधींच्या कामाचं नाव बजेटमध्ये येतं आणि त्यापुढे नावापुरती रक्कम असते. नाव आलं, म्हणून फ्लेक्स लागतात. नंतर निविदा निघते, काम सुरू होतं आणि बिल अडकतं. कंत्राटदारांच्या थकीत बिलांच्या आंदोलनांच्या बातम्या वाचल्या असतील, तर त्यामागे अशी कामंही असतात. फ्लेक्सवर तरतुदीची रक्कम छापायची सक्ती केली, तर निम्मे फ्लेक्स उतरतील असं मला वाटतं.

मंजूर रकमेतूनही खर्च होण्याआधी पैसा विभागाला 'वितरित' व्हावा लागतो. वर्षभर कासवगती आणि मग 'मार्च एण्ड'ला धावपळ, ही रीत सरकारी कचेरीच्या दारात उभं राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कुठल्या विभागाला किती मंजूर, किती वितरित आणि किती खर्च, हे राज्य सरकारच्या 'बीम्स' या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतं. त्याला पासवर्ड लागत नाही.

गैरसमज : मार्चमध्ये एकदा पास झालं की वर्षाचं बजेट ठरलं

२८ जून २०२४ रोजी राज्याचा सुमारे ६ लाख १२ हजार कोटींचा अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला गेला. त्याच पावसाळी अधिवेशनात, दोन आठवड्यांच्या आत, ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. शाई वाळायच्या आत साधारण सातवा हिस्सा वर चढला. पुरवणी मागण्या घटनेला धरूनच असतात. पूर, दुष्काळ आला तर त्या लागतातच. पण प्रत्येक अधिवेशनात त्यांची जाडजूड पुस्तिका येत असेल, तर मार्चच्या भाषणाला किती किंमत द्यायची?

चर्चेचं म्हणाल तर ती आक्रसतेच आहे. मार्च २०१८ मध्ये लोकसभेने गोंधळात सगळ्या मंत्रालयांच्या मागण्या चर्चेविना मंजूर केल्या. या पद्धतीला संसदेच्या भाषेत गिलोटिन म्हणतात. आणि राज्यातल्या अनेक महापालिकांत मार्च २०२२ नंतर कितीतरी काळ नगरसेवकच नव्हते. बजेट मांडणारा प्रशासक आणि ते मंजूर करणाराही तोच.

गैरसमज : सरकारला काय, नोटा छापता येतात

राज्य सरकारला तर नाहीच येत. केंद्रासाठीही, अपवादात्मक परिस्थिती सोडली तर, एप्रिल २००६ पासून रिझर्व्ह बँक सरकारचे नवे रोखे थेट विकत घेत नाही. कर्ज बाजारातूनच काढावं लागतं आणि त्यावर व्याज द्यावं लागतं. २०२५-२६ मध्ये केंद्राच्या खर्चाच्या रुपयातले २० पैसे नुसत्या व्याजात जातात, संरक्षणाला ८.

याच्या उलट टोकाचा गैरसमज म्हणजे तूट दिसली की सरकार बुडालं. घरासाठी काढलेलं कर्ज वेगळं आणि महिन्याच्या किराण्यासाठी काढलेलं वेगळं, हे आपल्या घरात आपल्याला समजतं. सरकारचंही तसंच. राजकोषीय तूट म्हणजे एकूण किती उसनं घ्यावं लागतं. महसुली तूट म्हणजे पगार, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदान या रोजच्या खर्चालाही उत्पन्न पुरत नाही. काळजी करायची ती या दुसरीची. १० मार्च २०२५ रोजी महाराष्ट्राचा ७ लाख २० कोटींचा अर्थसंकल्प सादर झाला, त्यात महसुली तूट ४५,८९१ कोटी दाखवलेली होती. धरणासाठी किंवा मेट्रोसाठी घेतलेलं कर्ज नव्हे हे.

गैरसमज : आमदारसाहेबांनी त्यांच्या निधीतून दिलं

आमदार निधी वर्षाला ५ कोटी, खासदार निधीही ५ कोटी. दोन्ही पैसा तुमचाच. लोकप्रतिनिधी काम सुचवतात, प्रशासकीय मान्यता जिल्हा प्रशासन देतं. आभाराचे फलक लावायला हरकत नाही, पण पुढच्या वेळी काम सुचवायला आपण आपलं निवेदन घेऊन गेलं पाहिजे, एवढं लक्षात ठेवा.

गैरसमज : आपल्याला विचारतंय कोण?

विचारतात. पण चुकीच्या महिन्यात गेलं तर दार बंद असतं. मार्चमध्ये निवेदनं घेऊन फिरणारे बहुतेक वेळा गाडी गेल्यावर स्टेशनात पोचलेले असतात.

पुणे महापालिकेत २००६-०७ च्या सुमारास अंदाजपत्रकात नागरिकांचा सहभाग सुरू झाला. पदपथ, बाकं, दिवे, स्वच्छतागृह अशी कामं क्षेत्रीय कार्यालयाकडे अर्ज करून सुचवायची, एका कामाला साधारण ५ लाखांची मर्यादा. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ पासून असा प्रयोग चालू होता, त्याच वळणाचा. पुण्यात लोक खरोखर अर्ज भरतात, मात्र किती कामं पूर्ण होतात याचा पाठपुरावा अर्जदारालाच करावा लागतो. हे अर्ज बजेट मांडलं जाण्याच्या कितीतरी महिने आधी घेतले जातात.

गावात हक्क याहून मोठा आहे. गावाचा विकास आराखडा बनवण्याची मोहीम २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून जोर धरते. वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात आणि प्रत्येक नियमित ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, जे कमी असेल ते. इथेच गोम आहे. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली, की पुढच्या सभेला गणपूर्ती लागत नाही, मग दहा-पंधरा माणसांत गावाचं वर्ष ठरतं. ज्यांना लोक नको असतात त्यांना हे कलम तोंडपाठ असतं.

सभेत काय मागायचं? जमाखर्च आणि लेखापरीक्षणाचा शेरा ग्रामसभेपुढे ठेवणं पंचायतीला बंधनकारक आहे. 'नमुना १' म्हणजे पंचायतीचं अंदाजपत्रक, 'नमुना ५' म्हणजे रोकडवही. ग्रामसेवकांना, म्हणजे आता कागदोपत्री ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना, नमुन्याचा नंबर सांगून कागद मागितला की बोलण्याचा सूर बदलतो. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च व्हायला हवेत. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ या काळातल्या निधीत ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेला बांधलेली होती. त्यातून काय झालं, हे ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर गावाचं नाव टाकून मोबाइलवर दिसतं.

गोपाळ कृष्ण गोखल्यांना १९०२ मध्ये कायदेमंडळात बजेटवर फक्त बोलता येत होतं, मत देता येत नव्हतं. सरकार शिल्लक दाखवत होतं; गोखल्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून ती शिल्लक जादा करांतून आल्याचं मांडलं आणि मिठावरचा कर कमी करा म्हणाले. १९०३ मध्ये तो कमी झाला. आपल्या हाती तर मतही आहे आणि २००५ चा माहिती अधिकार कायदाही.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेला किंवा क्षेत्रीय कार्यालयात जाताना गेल्या वर्षीच्या यादीतलं एकच काम निवडा, आपल्या दारासमोरचं. त्याचं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका आणि देयक, हे चार कागद मागा. तोंडी मागून मिळाले नाहीत, तर 'जोडपत्र अ' भरा आणि त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. उत्तर द्यायला त्यांना तीस दिवस असतात.