बोटाएवढी पिन

नाशिक फाट्यावरून मोशीमार्गे चाकणच्या तळेगाव चौकापर्यंत शिफ्टच्या वेळी गाडी चालवली, तर उजवा पाय ब्रेकवरून फारसा हलतच नाही. त्यातून पावसाळ्यातला चिखल आणि उन्हाळ्यातली धूळ. या रस्त्यावर पुढच्या ब्रेकचं किती काम होत असेल याचा अंदाज ज्याचा त्यानेच करावा.

पिंपरीची इंडिका 1998 च्या अखेरीस बाजारात आली, चाकणची पोलो 2009 च्या डिसेंबरात तयार होऊ लागली. दोन्हींना पुढे डिस्क, मागे ड्रम. अशा छोट्या गाड्यांच्या कॅलिपरला पिस्टन बहुधा एकच, तोही आतल्या बाजूला. पेडल दाबलं की पिस्टन आतलं पॅड डिस्कवर रेटतो आणि त्याच रेट्याने अख्खा कॅलिपर उलट दिशेला सरकून बाहेरचं पॅड डिस्कला भिडवतो. हे सरकणं मिलिमीटरहूनही कमी असतं, आणि ते होतं बोटाएवढ्या दोन पिनांवर.

भोसरीतल्या एका गॅरेजात मिस्त्रींनी अशी एक पिन माझ्या तळहातावर ठेवली. तिचा रबरी बूट नखाएवढाच फाटला होता. तेवढ्यातून पाणी शिरलं होतं, ग्रीसचा चॉकलेटी चिकटा झाला होता आणि मधोमध गंजाचं कडं पडलं होतं. त्या चाकाचं आतलं पॅड लोखंडापर्यंत झिजलेलं, बाहेरचं अर्ध्याहून जास्त शिल्लक. चाक तापतं, गाडी एका बाजूला ओढते, अ‍ॅव्हरेज पडतं, अशा तक्रारींमागे पुष्कळदा हीच पिन असते. नुसती पॅड बदलून ती तक्रार जात नाही.

काम अर्ध्या-पाऊण तासाचं आहे. कॅलिपर तारेने टांगायचा, ब्रेकच्या होजवर लोंबकळू द्यायचा नाही. पिन आणि तिचं भोक दोन्ही साफ करायचं. पिनेला खड्डे पडले असतील तर ती बदलायची. वरची आणि खालची पिन कधीकधी वेगळी असते, म्हणून जिथली तिथेच. सगळ्यात मोठी चूक ग्रीसची होते. हाताशी असलेलं बेअरिंगचं ग्रीस लावलं की त्यातल्या खनिज तेलाने रबर फुगतं आणि तेच पिनेला धरून ठेवतं. इथे सिलिकॉनचं किंवा गाडीच्या कंपनीने सांगितलेलं ब्रेकचंच ग्रीस हवं, तेही पातळ. भोक भरून टाकलं तर आत हवा कोंडते आणि पिन मागे ढकलली जाते.

पुढच्या वेळी पॅड बदलताना गॅरेजात थांबा. दोन्ही पिना काढून दाखवायला सांगा, बूट बोटाने चाचपून बघा. ग्रीस लावलेली पिन हाताने सहज आत-बाहेर सरकली पाहिजे. आणि गाडी सुरू करून निघण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबून घ्या.