हिगुराशी नो नाकू कोरो नी

हिगुराशी नो नाकू कोरो नी ही व्हिज्युअल नॉव्हेल किंवा दृश्य कादंबरी या प्रकारातील, भय आणि रहस्य यांवर आधारलेली जपानी संगणकीय कलाकृती आहे. 'झीरो सेव्हन्थ एक्सपान्शन' या हौशी गटाने तिचे आठ भाग २००२ ते २००६ या काळात प्रकाशित केले. लेखन आणि मूळ चित्रे 'रियुकिशी०७' या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाची आहेत. कथा १९८३ सालच्या जून महिन्यात, हिनामिझावा या काल्पनिक डोंगरी खेड्यात घडते. भागांमध्ये कित्येक महिन्यांचे अंतर असल्याने प्रत्येक भागानंतर खेळाडू तर्क मांडत आणि लेखक पुढील भाग लिहीत असे. त्यामुळे खेळाडूंचा प्रतिसाद हा या कलाकृतीच्या इतिहासाचाच एक घटक मानला जातो.

शीर्षक

'हिगुराशी' हा पहाटे आणि तिन्हीसांजेला किरकिरणारा, सिकाडा गटातील कीटक होय. जपानीतील 'नाकू' या क्रियापदाचे उच्चारात साम्य असलेले दोन अर्थ आहेत: प्राण्यापक्ष्यांनी आवाज काढणे आणि माणसाने रडणे. लेखनात मात्र त्यांसाठी वेगवेगळी चिन्हे वापरतात. शीर्षकाचा स्थूल अर्थ 'हिगुराशी किरकिरतात त्या वेळी' असा होतो.

स्वरूप

दृश्य कादंबरीत पडद्यावर मजकूर, पार्श्वचित्रे, पात्रांची चित्रे आणि ध्वनी एकत्र येतात व खेळाडू मजकूर वाचत पुढे जातो. चुनसॉफ्ट या कंपनीने 'ओतोगिरिसो' (१९९२) आणि 'कामाइताची नो योरू' (१९९४) या खेळांतून भयकथा व रहस्यकथांसाठी हा प्रकार जपानमध्ये लोकप्रिय केला. त्यांत खेळाडूने निवडलेल्या पर्यायानुसार कथेला फाटे फुटत.

'हिगुराशी'मध्ये मूळ आवृत्तीत असे पर्याय नाहीत. मजकूर संपूर्ण पडदा व्यापतो, पार्श्वचित्रे ही संस्कार केलेली छायाचित्रे आहेत आणि पात्रांना आवाज दिलेले नाहीत. खेळाडूच्या हाती वाचणे आणि विचार करणे एवढेच उरते. पहिल्या चार भागांना 'प्रश्नखंड' आणि पुढच्या चार भागांना 'उत्तरखंड' म्हटले जाते. 'अचूक उत्तराचे प्रमाण एक टक्का' या आशयाच्या जाहिरातवाक्याने वाचकाला उघड आव्हान देण्यात आले होते.

कथानकाची पार्श्वभूमी

केइची माएबारा हा शहरातून नुकताच खेड्यात राहायला आलेला विद्यार्थी आहे. त्याचे नवे मित्रमंडळ खेळकर आहे. मात्र गावात १९७९ पासून दर वर्षी 'वातानागाशी' उत्सवाच्या रात्री एक मनुष्य मरतो आणि एक बेपत्ता होतो, हे त्याला हळूहळू कळते. ग्रामस्थ हा ग्रामदैवत ओयाशिरो-सामाचा कोप मानतात. बहुतेक भागांत तोच जून महिना नव्याने सुरू होतो आणि वेगळ्या शोकांतिकेने संपतो.

गावातील वैराच्या मुळाशी धरणाचा प्रश्न आहे. धरणामुळे गाव बुडणार असल्याने ग्रामस्थांनी संघटना उभारून प्रकल्प हाणून पाडला, आणि या संघर्षात प्रकल्पाच्या बाजूने उभे राहिलेले कुटुंब वाळीत टाकले गेले. हिनामिझावाचे दृश्यरूप गिफू प्रांतातील शिराकावा-गो या गावावरून घेतले आहे. उतरत्या गवती छपरांच्या घरांसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावाचा समावेश १९९५ मध्ये जागतिक वारसास्थळांत झाला. त्याच परिसरात शो नदीवर १९६१ मध्ये मिबोरो धरण पूर्ण झाले. त्याला विरोध करणाऱ्या विस्थापितांनीही प्राणपणाने गाव राखण्याची भाषा करणारी संघटना स्थापन केली होती. वर्धा जिल्ह्यातील निम्न वर्धा प्रकल्पासारख्या धरणांमुळे गावे उठण्याचा अनुभव विदर्भातील वाचकांना परिचित आहे. त्यामुळे कथेतील संशयाचे हे मूळ त्यांना परके वाटू नये.

प्रकाशनकाळातील प्रतिसाद

पहिला भाग 'ओनिकाकुशी-हेन' ऑगस्ट २००२ मध्ये टोकियोतील 'कॉमिकेट' या स्वप्रकाशित साहित्याच्या जत्रेत विक्रीस आला. ही जत्रा वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात भरते. पुढील भागही तिच्याच वेळापत्रकानुसार आले. आठवा भाग 'मात्सुरिबायाशी-हेन' ऑगस्ट २००६ मध्ये प्रकाशित झाला. पुढे पहिला भाग विनामूल्य उपलब्ध करून देण्यात आल्याने वाचकवर्ग वाढला.

भागाच्या शेवटी पात्रे कथेबाहेर येऊन, जणू नाटक संपल्यावर नटांनी गप्पा माराव्यात तशी, घडलेल्या घटनांची चर्चा करतात. हे कृत्य माणसाचे, निव्वळ योगायोग, की दैवी कोप, असे पक्ष तेथे मांडले जातात. खेळाडूंमध्ये चाललेला वाद अशा रीतीने कथेच्या चौकटीतच आणला गेला. दोन भागांमधील काळात खेळाडू वेळापत्रके तयार करीत, साक्षींमधील विसंगती टिपून ठेवीत आणि एकमेकांचे तर्क खोडून काढीत.

प्रतिकूल अभिप्राय प्रामुख्याने दोन बाबींवर होते. पहिली बाब संथ आरंभाची: पहिल्या भागाचा मोठा हिस्सा शाळेतील खेळ, सहल आणि थट्टामस्करी यांत जातो. दुसरी बाब चित्रांची: लेखकाने स्वतः काढलेल्या चित्रांतील बेढब हात हा थट्टेचा विषय झाला. अनुकूल अभिप्रायांत याच दोन गोष्टींकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले गेले. आरंभीच्या दिवसांत मित्रमंडळाविषयी जिव्हाळा निर्माण झाल्यावाचून पुढचा संशय बोचत नाही आणि साध्या चित्रातील चेहरा एकाएकी पालटला की तो अधिक भेदक वाटतो, असे या वाचकांचे म्हणणे होते.

उलगड्यावरील वाद

(या विभागात कथेचा शेवट उघड केला आहे.)

उत्तरखंडांत असे स्पष्ट होते की, गावात एका परजीवीमुळे होणारा आजार आहे. त्याने ग्रासलेल्या व्यक्तीला सर्वजण आपल्या जिवावर उठले आहेत असा भ्रम होतो. म्हणजेच आधीच्या भागांत निवेदकाने पाहिलेले काही प्रसंग त्याने सांगितले तसे घडलेलेच नव्हते. याशिवाय या आजारावर संशोधन करणाऱ्या गटातील कारस्थान आणि तोच काळ पुनःपुन्हा जगणारी एक मुलगी हेही कथेत येते.

यावर रहस्यकथेच्या चोखंदळ वाचकांनी आक्षेप घेतला. इंग्रज लेखक रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये मांडलेल्या रहस्यकथेच्या दहा नियमांत अज्ञात विष किंवा लांबलचक शास्त्रीय स्पष्टीकरण लागणारे साधन वापरू नये, असा एक नियम आहे. विज्ञानाला ठाऊक नसलेला आजार हे रहस्याचे उत्तर असेल, तर ते वाचकाने कसे शोधावे, असा आक्षेपकांचा प्रश्न होता. चार वर्षे कागदावर आराखडे मांडणाऱ्यांना ही फसवणूक वाटली.

समर्थकांच्या मते प्रश्न गुन्हेगार कोण एवढाच नव्हता. प्रत्येक शोकांतिकेत कोणीतरी आपली शंका मित्रांपाशी बोलून न दाखवता एकट्यानेच निर्णय घेतो. सहाव्या भागात केइचीला पूर्वीच्या एका कथाचक्रातील आपला अपराध आठवतो, तेव्हा पहिल्या भागात मित्रांविषयी त्याच्याबरोबर संशय घेणारा वाचकही चुकलेला ठरतो. हा धडा आजाराचे नाव माहीत नसतानाही ओळखता येण्याजोगा होता, असे या पक्षाचे प्रतिपादन आहे.

मराठीतील संज्ञांच्या आधारे हा वाद अधिक स्पष्ट करता येतो. बाबूराव अर्नाळकर यांचे नाव ज्या प्रकाराशी जोडले जाते ती रहस्यकथा उलगड्याचे आश्वासन देते. नारायण धारप यांच्या भयकथेत अमानवी शक्तीचे अस्तित्व गृहीत धरता येते. रत्नाकर मतकरी यांनी रुजवलेल्या गूढकथेत शेवटीही काही धूसर राहू शकते. 'हिगुराशी'ने रहस्यकथेचे आव्हान दिले, भयकथेचे वातावरण उभे केले आणि गूढकथेची मोकळीक घेतली. कोणत्या अपेक्षेने वाचन सुरू केले यावर वाचकाचे समाधान बरेचसे अवलंबून राहिले.

पुढील लेखनावरील परिणाम

याच लेखकाच्या 'उमिनेको नो नाकू कोरो नी' (२००७–२०१०) या आठ भागांच्या कलाकृतीत वाचकाशी असलेला हा करारच कथेचा विषय झाला. दुसऱ्या भागापासून लाल अक्षरांतील विधान पुराव्याविना सत्य मानावे, असा नियम घालण्यात आला; वाचकाला उभे राहायला निश्चित जमीन मिळाली. नॉक्स यांच्या नियमांचाही कथेत प्रत्यक्ष वापर झाला. दुसऱ्या भागानंतर अनेकांनी तर्क करणे सोडून दिल्याचे दिसल्यावर लेखकाने तिसऱ्या भागासाठी योजलेली अधिक कठीण कथा बाजूला ठेवली आणि तिच्याऐवजी तुलनेने सुगम भाग लिहिला.

डिसेंबर २०१० मधील शेवटच्या भागात मात्र सर्व उत्तरे स्पष्टपणे दिलेली नाहीत. उत्तरांचा आग्रह धरणाऱ्यांचे त्यातील चित्रण अनेक वाचकांना अवमानकारक वाटले. नंतरच्या चित्रकथा-रूपांतरात अधिक सविस्तर खुलासा देण्यात आला.

नंतरच्या आवृत्त्या

फेब्रुवारी २००७ मध्ये प्लेस्टेशन २ साठी आलेल्या आवृत्तीत नवी चित्रे, पात्रांचे आवाज आणि पर्याय निवडण्याची सोय होती. इंग्रजी अनुवादाची सुधारित आवृत्ती २०१५ पासून टप्प्याटप्प्याने प्रकाशित झाली. तीत खेळाडूला जुनी किंवा नवी चित्रे निवडता येतात. हौशी खेळाडूंनी इतर आवृत्त्यांतील आवाज व चित्रे जोडणारे पूरक संचही तयार केले. तरीही लेखकाची मूळ चित्रे पसंत करणारा वर्ग टिकून आहे. एके काळी उणीव मानलेली हौशी धाटणी या वर्गाच्या लेखी कलाकृतीचा अविभाज्य भाग आहे.

लेखकाने पुढे कोनामी कंपनीच्या 'सायलेंट हिल एफ' (२०२५) या भयप्रधान खेळाची कथा लिहिली. तीही १९६० च्या दशकातील जपानी गावात घडते.