दुवा विकत मिळत नाहीं

(नभोवाणीवरील भाषण)



आपल्या भाषेंत 'दुवा' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. साखळींतील कड्यांना जोडणारा सांधा हा एक. आणि कोणी तृप्त मनानें दिलेला आशीर्वाद हा दुसरा. संगणकावर एका पानावरून दुसऱ्या पानाकडे नेणाऱ्या 'लिंक'ला मराठींत दुवा हें नांव पडलें, तें पहिल्या अर्थानें. परंतु गेल्या कांहीं वर्षांत माझ्या घरीं जें घडलें, त्यावरून दुसरा अर्थच येथें अधिक खरा आहे असें मला वाटूं लागलें आहे. त्याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

माझी सून डोंबिवलीस राहते. शेजारच्या चौघीजणींना हाताशीं घेऊन ती दिवाळीचा फराळ करते व तो परदेशांतील मराठी कुटुंबांकडे पाठविते. या उद्योगासाठीं तिनें एक संकेतस्थळ उघडलें. पदार्थ उत्तम होते, छायाचित्रें सुबक होतीं. पण गूगलवर कोणी 'डोंबिवलीचा फराळ' असें शोधलें, तर तिचें पान आठव्या-नवव्या पडद्यावर कोठें तरी सांपडे. इतक्या दूरवर जातो कोण? दुकान थाटलें खरें, परंतु तें बोळाच्या टोकाशीं, असा तो प्रकार झाला. चौघींचें काम त्या दुकानावर अवलंबून होतें. तेव्हां गूगल कोणाला पुढें बसवितें आणि कोणाला मागें, हें समजून घेण्याची गरज पडली. जन्मभर मुलांना शिकविलें, आतां म्हातारपणीं स्वतः शिकावयास बसलों.

आरंभींच्या काळांतील शोधयंत्रें मुख्यतः पानावरील शब्द पाहात. ज्या पानावर 'फराळ' हा शब्द अधिक वेळां, तें पान वर. लबाडांना हें फावलें. एकच शब्द शंभर वेळां लिहिला कीं काम झालें! म्हणजे उमेदवारानें स्वतःची स्तुति करावी आणि परीक्षकानें तीच प्रमाण मानावी, असा हा न्याय होता. १९९६ च्या सुमारास अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनीं निराळा विचार केला. पान स्वतःविषयीं काय म्हणतें, एवढेंच न पाहतां, इतर पानें त्याच्याकडे किती बोटें दाखवितात हें पाहावें, हा तो विचार. १९९८ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि त्याच साली गूगल कंपनी स्थापन झाली.

ही कल्पना ग्रंथप्रेमी माणसास नवी वाटावयाची नाहीं. आपल्या ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली स्थापन झालें. अशा ठिकाणीं कपाटांपुढें उभें राहिलें म्हणजे कोणता ग्रंथ मोलाचा हें कसें ओळखावें? एक खूण अशी कीं, ज्या ग्रंथाचा हवाला पुढील अभ्यासक पुन्हां पुन्हां देतात, तो ग्रंथ पायाचा. विज्ञानाच्या क्षेत्रांत हेच हवाले मोजणारी सूची युजीन गारफील्ड यांनीं १९६४ साली प्रसिद्ध केली होती. पेज व ब्रिन यांनीं तोच न्याय संगणकावरील पानांना लावला.

मात्र त्यांनीं नुसती संख्या मोजली नाहीं. यांतच सारी खुबी आहे. ज्याचा स्वतःचा मान मोठा, त्याच्या शब्दाचें वजन मोठें. समजा, एका पानाचें वजन दहा आहे आणि त्यावरून पांच दुवे निघतात. मग प्रत्येक दुव्यावाटे दोन वजन पुढें जातें. त्याच पानावरून हजार दुवे निघाले, तर प्रत्येकाच्या वाट्यास एकाचा शंभरावा भाग येतो. येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येकाची शिफारस करणाऱ्याच्या शब्दास किंमत उरत नाहीं, हा व्यवहारच येथें गणितांत उतरला आहे. शिवाय, वाचक दुव्यामागून दुवा चालत असतां मध्येंच कंटाळून भलतेंच पान उघडतो, हें ध्यानांत घेऊन हें वजन पुढें नेतांना ०.८५ नें गुणावें, असेंही त्यांनीं सुचविलें.

कल्याण स्टेशनाचें उदाहरण घ्या. १८५३ साली पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्यास आली आणि पुढील वर्षीं रूळ कल्याणास पोंचले. आज नाशिककडील मार्ग व पुण्याकडील मार्ग तेथें एकत्र येतात, म्हणून तें जंक्शन. एखाद्या गिरणीच्या आवारांत शंभर छोटे रूळ टाकले म्हणून कांहीं तेथें जंक्शन होत नाहीं. मार्ग कोठून येतात, याला महत्त्व आहे.

हें सर्व मला पुढें कळलें. त्यापूर्वीं एक गृहस्थ आमच्याकडे आले. आठ हजार रुपयांत दोन हजार दुवे मिळवून देतों, म्हणाले. सून साशंक होती; परंतु मीच तिला भरीस घातलें आणि माझ्या निवृत्तिवेतनांतून पैसे दिले. पान कांहीं आठवडे वर चढलें. आम्हीं पेढे वांटले. नंतर दुवे कोठून आले तें पाहिलें, तो जुगाराचीं, औषधांचीं, अनोळखी भाषांतील ओसाड पानें! थोड्याच दिवसांत गूगलकडून सूचना आली कीं, या संकेतस्थळाकडे येणारे दुवे अनैसर्गिक आहेत. आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर आमचें पान शोधांतून जवळजवळ नाहीसें झालें. त्या वर्षीं चौघींपैकीं दोघींना काम देतां आलें नाहीं. नोकरींत असतां मीं कोणा मुलास खोटा दाखला कधीं दिला नाहीं. आणि येथें मात्र दोन हजार खोटे दाखले विकत घेतले, ही गोष्ट मला फार लागली.

विकतच्या दुव्यांचा हा बाजार गूगलला ठाऊक आहे. २०१२ च्या एप्रिलमध्यें त्यांनीं 'पेंग्विन' नांवाची सुधारणा करून अशा पानांना खालीं ढकलण्यास आरंभ केला. २०१६ पासून ती मूळ यंत्रणेचाच भाग झाली असून बनावट दुवे मुख्यतः हिशोबांतून वगळले जातात. जाहिरातीसाठीं पैसे देण्यास बंदी नाहीं. परंतु तशा दुव्यावर तो प्रायोजित असल्याची खूण हवी. विकिपीडियांत शिरून स्वतःचा दुवा चिकटविण्यांतही या दृष्टीनें लाभ नाहीं. तेथील बाहेर जाणाऱ्या दुव्यांवर 'नोफॉलो' ही खूण २००७ पासून आहे. तूं माझी शिफारस कर, मी तुझी करतों, असा घाऊक साटेंलोटेंही नियमाबाहेरचा मानला जातो.

मग सरळ मार्ग कोणता? आम्हीं प्रथम ते दुवे काढून टाकण्यासाठीं पत्रें लिहिलीं. जे निघाले नाहींत ते आमचे मानूं नयेत, असें गूगलला कळविलें आणि फेरविचाराची विनंति केली. त्यानंतर सुनेनें एक साधें काम केलें. परदेशीं फराळ पाठविणारास ज्या अडचणी येतात, त्यांविषयीं तिनें अनुभवावरून एक विस्तृत पान लिहिलें. ओल्या नारळाची करंजी प्रवासांत कां टिकत नाहीं; चकली सादळूं नये म्हणून ती कशी बांधावी; खव्याचे पदार्थ कां टाळावे; दुग्धजन्य पदार्थांविषयीं ऑस्ट्रेलियासारख्या देशांचे नियम किती कडक आहेत; पेटीवर काय लिहावें. त्यांत 'आमच्याकडूनच घ्या' असें एकही वाक्य नव्हतें.

तें पान प्रथम परदेशांतील एका महाराष्ट्र मंडळाच्या कार्यकर्त्या बाईंच्या दृष्टीस पडलें. त्यांनीं आपल्या सभासदांसाठीं मंडळाच्या संकेतस्थळावर त्याचा दुवा दिला. मग दुसऱ्या एका मंडळानें दिला. पुढें पाककृतींविषयीं लिहिणाऱ्या एका बाईंनीं दिला. वर्षभरांत अवघे अकरा दुवे झाले. परंतु ते देणारीं माणसें खरीं, त्यांचा विषय आमच्या विषयाशीं जुळणारा, आणि दुव्याचे शब्दही ज्याचे त्याचे, कोणी पढविलेले नव्हेत. पुढच्या दिवाळीस पान पहिल्या पडद्यावर आलें आणि काम सोडून गेलेल्या दोघी परत आल्या. दुव्यांखेरीज इतर अनेक गोष्टीही गूगल पाहतें, तेव्हां सारें श्रेय या अकरांनाच आहे असें मी म्हणत नाहीं. पण दोन हजारांनीं जें बुडविलें, तें सांवरण्यास या अकरांचा हात लागला, हें निश्चित.

आपल्यापैकीं कोणाचें वाचनालय असेल, कोणाची शिकवणी, कोणाचें छोटें दुकान. दुवे कसे मिळवावे, हा प्रश्न प्रथम विचारूं नका. आपल्यापाशीं असें काय आहे, जें दुसऱ्यास सांगावेंसें कोणाला आपण होऊन वाटेल, हें विचारा. तें नीट लिहून ठेवा आणि ज्यांना त्याचा उपयोग आहे त्यांस नम्रपणें कळवा. दुवा मागून एखाद वेळीं मिळेल. पण विकत घेतलेला दुवा लागत नाहीं, हें आपल्या आजीला ठाऊक होतें. आतां तें यंत्रालाही कळूं लागलें आहे.