आराखड्यापासून सर्व्हे नंबरापर्यंत

गोव्यातल्या जमिनीच्या भांडणाचा मागोवा घ्यायचा तर २००६च्या नकाशांपासून सुरुवात करावी लागते. त्या ऑगस्टमध्ये ‘प्रादेशिक आराखडा २०११’ अधिसूचित झाला आणि गावोगावच्या लोकांनी त्यात आपापली शेतं शोधली. शेतं, बागायती, डोंगरउतार कितीतरी ठिकाणी ‘सेटलमेंट’ झाले होते, म्हणजे घरं बांधायला मोकळे. गोवा बचाव अभियान उभं राहिलं, डिसेंबरात पणजीच्या आझाद मैदानावर मोठी सभा झाली आणि पुढच्याच महिन्यात प्रतापसिंह राणे सरकारने आराखडा मागे घेत असल्याचं जाहीर केलं. अधिसूचित झालेला आराखडा सरकारने गुंडाळावा, असं आपल्याकडे क्वचितच घडतं.

लोक एवढे का पेटले, हे खाजन, म्हणजे खाडीकाठची सखल शेतजमीन, पाहिल्याशिवाय कळत नाही. भरतीचं पाणी बांधाने अडवायचं, मानशीच्या दारातून आत-बाहेर सोडायचं, पावसाळ्यात खारं सोसणारं कोरगुट भात पिकवायचं आणि त्याच पाण्यात मासळीही धरायची, ही शतकानुशतकांची सामाईक व्यवस्था. एका मालकाने मातीचा भराव टाकला की पाणी शेजाऱ्याच्या शेतात तुंबतं. बांध फुटला तर सगळ्यांचंच पीक खारावतं. त्यामुळे ‘माझी जमीन, मी काय वाटेल ते करीन’ हा युक्तिवाद तिथे मुळातच लंगडा आहे.

नंतर आलेल्या ‘आराखडा २०२१’साठी वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांचा सहभाग असलेलं कृतिदल नेमलं गेलं. इको-१, इको-२ असे जपायचे पट्टे ठरले, मसुदे गावांपर्यंत गेले, पंचायतींनी हरकती नोंदवल्या. त्या आराखड्यातही खोट होती, तक्रारी होत्या. पण गावाने स्वतःच्या नकाशावर बोट ठेवून बोलण्याची पद्धत तरी रुजत होती. २०१२मध्ये मनोहर पर्रीकर सत्तेवर आले आणि आराखडा स्थगित झाला.

पुढे सगळी दिशाच पालटली. अख्ख्या राज्याच्या आराखड्याऐवजी एकेका सर्व्हे नंबराचा विचार सुरू झाला. २०१८मध्ये नगरनियोजन कायद्यात कलम १६ब आलं, जमीनमालकाच्या अर्जावरून झोन बदलण्यासाठी. ते न्यायालयात गेलं. मग कलम १७(२) आलं, ‘आराखड्यातल्या चुका दुरुस्त करण्यासाठी’. त्याच्या २०२३च्या नियमांखाली भातशेती आणि बागायतींचे तुकडे एकामागून एक सेटलमेंट होऊ लागले, तेही लोकांच्या हरकती न मागवता. इतक्या चुका, आणि त्या नेमक्या बांधकामाच्याच बाजूने सुधारण्याजोग्या! गंमत म्हणजे भातशेती बिगरशेतकऱ्याला विकण्यावर निर्बंध घालणारा कायदाही २०२३चाच.

मार्च २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने हे नियम रद्द केले आणि १७(२)ची व्याप्ती खऱ्याखुऱ्या चुकांपुरती आवळली. पण तोवर २०२४मध्ये असाच झोनबदल करू देणारं कलम ३९अ कायद्यात येऊन बसलं होतं. यात निदान सूचनांसाठी तीस दिवसांची मुदत आहे. मात्र त्यासाठी गावकऱ्याने राजपत्रातल्या नोटिसा चाळायच्या, त्यातून आपल्या गावचा सर्व्हे नंबर हुडकायचा आणि मुदतीत लेखी हरकत द्यायची. तीही त्या एकाच तुकड्यापुरती. पलीकडच्या तुकड्याची नोटीस पुढच्या महिन्यात. या कलमालाही उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे.